कागदावर उतरवलेला सोमवार

पहाटे ४.४५

गजर वाजायच्या आधीच जाग येते. पूर्वी मी झटक्यात उठून बसायची. आता आधी कुशीवर वळते, पाय पलंगाखाली सोडते आणि हाताच्या रेट्याने उठते. मोडलेल्या मणक्याने शिकवलेली ही पहिली गोष्ट.

आज श्रावणी सोमवार, म्हणजे उपवास. गेली दोन वर्षं सोमवार हा हाडांच्या गोळीचाही वार आहे. ॲलेंड्रोनेट, सत्तर मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही. चहाचा घोटही चालत नाही, कारण पोटात काही असलं की ही गोळी अंगाला लागतच नाही. शिवाय ती अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते, म्हणून भरपूर पाणी आणि ताठ बसणं.

गोळी घेतली. आज दुपारी ठाण्याला डॉक्टरांकडे जायचं आहे. मागच्या खेपेला त्यांनी सगळे रिपोर्ट पाहून झाल्यावर विचारलं होतं, "ताई, उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता? एक दिवस तासातासाने लिहून आणा, खरं खरं लिहा. मग औषध ठरवू." तो कागद पर्समध्ये आहे. हा लेख म्हणजे तोच कागद, जरा सविस्तर.

५.१५

डोंबिवलीत पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. सकाळचे डबे सव्वासातच्या आत बाहेर पडावे लागतात, नाहीतर माणसांची गाडी चुकते. हाताखालच्या दोघी साडेपाचला येतात. त्या यायच्या आत कणीक भिजलेली आणि भाजी निवडलेली हवी. म्हणजे गोळीनंतरच्या नेमक्या त्या अर्ध्या तासात मी ओट्याखालच्या कप्प्यातून पातेली काढत असते, खाली वाकून बटाट्याची टोपली ओढत असते. मग सात वाजता छातीत जळजळ, घशाशी आंबट. जळजळ नको म्हणून कधी गोळीच पुढे ढकलायची, आणि पुढे ढकललेला सोमवार हातून निसटायचा. कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या. वर्षाच्या बावन्न गोळ्यांपैकी जेमतेम तीस घेतल्या होत्या.

हे कागदावर लिहिताना हात अडखळला होता. आजवर प्रत्येक डॉक्टरांना मी "हो, गोळी नियमित चालू आहे" असंच सांगत आले.

६.००

दोन्ही शेगड्या पेटल्या आहेत. एक पाय अधूनमधून पाटावर ठेवून मी पोळ्या लाटते, त्याने कंबरेवरचा ताण कमी होतो. ओटा चार इंच उंच करून घेतला आहे. पिठाचं पंचवीस किलोचं पोतं बंद केलं, आता पाच-पाच किलोच्या पिशव्या कमरेएवढ्या फळीवर असतात. कणीक यंत्र मळतं. दारातलं गोणपाटाचं पायपुसणं काढून टाकलं, त्यात पाय अडकतो. लादी ओली झाली की हातातली पोळी टाकून आधी लादी पुसायची, हा आमच्या केंद्राचा नियम आहे.

हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण. दोन वर्षांपूर्वी, साठीत असताना, याच जागी मी कणकेने भरलेली परात जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवली. आठ किलो असेल. पाठीत मध्यावर काहीतरी कट्‌कन झालं आणि श्वासच अडला. सगळ्यांनी सांगितलं, उसण भरली आहे. मलाही तेच वाटलं. शेक झाला, मलम झालं, एका बाईंकडून पाठ चोळून घेतली. मोडलेल्या मणक्यावर मी तीन आठवडे चोळून घेत होते हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. चौथ्या आठवड्यात एक्स-रे काढला. पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपला होता.

मग हाडांच्या घनतेची तपासणी झाली, डेक्सा म्हणतात ती. पलंगावर पडून राहायचं, यंत्र वरून फिरतं, दुखत-खुपत काही नाही. निरोगी तरुण बाईच्या सरासरी हाडाशी आपल्या हाडाची तुलना करून जो आकडा येतो तो टी-स्कोअर. उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. माझा मणक्याचा आकडा उणे ३.४ होता, खुब्याचा उणे २.८.

त्या एका परातीने हे झालं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली तेव्हा दोन्ही अंडाशयंही काढली. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन जातं, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाड सर्वांत वेगाने झिजतं. घरी सोडताना टाक्यांची काळजी, पथ्य, वजन उचलू नका, सगळं सांगितलं. हाडांबद्दल एक अक्षर नाही. सत्तावन्नाव्या वर्षी ओल्या लादीवर घसरून मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग ते काढलं आणि मी पोळ्या लाटायला मोकळी. साध्या पडण्याने हाड का मोडलं, हे ना मी विचारलं, ना कुणी मला सांगितलं. तेरा वर्षांत दोन वेळा हा आजार पकडता आला असता.

७.३०

डबे गेले. बाकीच्यांचा चहा-पोहे, माझं उपवासाचं दूध आणि राजगिऱ्याचे दोन लाडू.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मी मनाशी हिशोब ठेवते. मोठा पेला दूध म्हणजे सुमारे तीनशे. वाटीभर दही, नाचणीची भाकरी, चटणीत चमचाभर तीळ. शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून दोनदा तरी होतेच, ती गिऱ्हाइकांनाही आवडते. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं, म्हणून पालक माझ्या हिशोबात नाही. जेवढं कमी पडेल तेवढ्यापुरती गोळी, तीही जेवणानंतर. माझी कार्बोनेटची आहे, तिला जेवणाची सोबत लागते.

ड जीवनसत्त्व माझं ११ निघालं होतं, वीसच्या वर तरी हवं. दिवसभर छपराखाली काम, आणि श्रावणात ऊन शोधायचं कुठे? साठ हजार युनिटची पुडी आठ आठवडे घेतली, आता महिन्याला एक. माझ्या जाऊबाई तीच पुडी न विचारता वर्षभर दर आठवड्याला घेत होत्या. रक्तातलं कॅल्शियम चढलं आणि त्यांना दवाखान्यात राहावं लागलं. पुडी मेडिकलच्या दुकानात सहज मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

जाऊबाई मला हाडजोडीची वेल आणि डिंकाचे लाडूही पाठवतात. लाडू मी प्रेमाने खाते. पण मोडकळीला आलेला मणका लाडवांनी सावरत नाही, हे मी त्यांनाही सांगितलं आहे.

१०.३०

महादेवाच्या देवळात. पायऱ्या शेवाळल्या आहेत, कठडा धरून एकेक पायरी.

वाकून नमस्कार करणं मी सोडलं. सुरुवातीला फार जड गेलं. लग्नकार्यात मोठ्यांच्या पाया पडायचं नाही, नुसते हात जोडायचे, म्हणजे लोकांना वाटतं हिला गर्व चढला. आता मी सरळ सांगते, माझा मणका मोडला आहे. म्हातारी माणसं लगेच समजतात. त्यांच्यातल्या अनेकींची पाठ आधीच वाकलेली असते.

माझ्या आईची वाकली होती. आम्ही त्याला वय म्हणायचो. शेवटी ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणातून पुन्हा उठली नाही. फ्रॅक्चरचा धोका मोजण्यासाठी फ्रॅक्स नावाची जी प्रश्नावली आहे, तिच्यात आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, हा प्रश्न आहे. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी काही वेळ बोलूच शकले नव्हते.

पुढे वाकण्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. मणका मोडल्यावरही मी योगवर्गात पश्चिमोत्तानासन करत होते, व्यायाम चांगला म्हणून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांचे गट होते. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के बायकांचे मणके पुढे आणखी चेपले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के. अभ्यास छोटा होता, साठेक बायकांचा, पण हा फरक मला पुरेसा आहे. आता मी भिंतीला पाठ टेकून उभी राहते, खांदे मागे घेते, पालथं झोपून हलकेच छाती उचलते, आणि ओटा धरून एकेका पायावर उभी राहते. शिंक आली तर भिंतीला हात टेकते.

१.१५

दुपारच्या डब्यांनंतर केंद्र मी परत येईपर्यंत दोघींच्या हवाली. स्टेशनपर्यंत रिक्षा. "दादा, खड्डे टाळून सावकाश घ्या, पाठ मोडलेली आहे," असं आता मी बसतानाच सांगते. रिक्षावाले ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

गाडीत लेकीचा फोन आला. बंगळुरूहून ती रोज नवं काहीतरी वाचते आणि घाबरते. "आई, ते रोजचं इंजेक्शन नको, त्याने उंदरांना हाडाचा कॅन्सर झाला होता." म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते.

२.३०

डॉक्टरांनी आधी उंची मोजली. तरुणपणी माझी उंची १५४ सेंटिमीटर होती. आज १४९.५ भरली. साडेचार सेंटिमीटर मणक्यांतून गेले. पाठीचा नवा एक्स-रे त्यांनी उजेडावर धरला आणि बाराव्याच्या खालचा, कमरेचा पहिला मणकाही थोडा चेपलेला दाखवला. तो कधी मोडला हे मला कळलंही नव्हतं. मणक्यांची बरीच फ्रॅक्चर अशी मुकाट होतात. डेक्साचा मणक्याचा आकडा आता उणे ३.५.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. तीस गोळ्यांपाशी थांबल्या. मला वाटलं रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "हे कळलं ते बरं झालं. नाहीतर मी समजले असते की गोळी लागूच पडत नाही."

मग त्यांनी समजावलं. हाडात सतत डागडुजी चालू असते. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही नवं भरतात. आपल्या वयात खरवडणं जास्त आणि भरणं कमी. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही खरवडणाऱ्यांना आवरणारी औषधं. टेरिपॅराटाइड, म्हणजे लेक म्हणत होती ते रोजचं इंजेक्शन, भरणाऱ्यांना कामाला लावतं. रोमोसोझुमॅब दोन्ही करतं, महिन्याला एकदा असं वर्षभर. पण ज्यांना वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांना ते देत नाहीत. मला तसं काही झालेलं नाही, पण त्याचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. तो विषय तिथेच मिटला.

उरले तीन पर्याय, आणि प्रत्येक आम्ही माझ्या कागदाशी ताडून पाहिला.

डेनोसुमॅब सहा महिन्यांतून एकदा, कातडीखाली टोचायचं. ऐकायला सर्वांत सोपं. पण त्याची तारीख चुकवायची नाही. ते थांबलं की आवरून धरलेली झीज एकदम उसळते आणि काही जणींचे एकामागून एक मणके मोडतात. बंद करायचंच असेल तर मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "तारखा पाळाल?" मी खरं सांगितलं. गेल्या वर्षी ह्यांचं आजारपण निघालं तेव्हा माझी स्वतःची तपासणी चार महिने राहून गेली होती. त्यांनी मान हलवली. शिवाय डेनोसुमॅबनंतर लगेच टेरिपॅराटाइडवर गेलं तर खुब्याचं हाड काही काळ उलट कमी होतं, म्हणून क्रम उलटा करता येत नाही.

झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाईनमधून, पंधरा-वीस मिनिटांत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर त्याने ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी केली होती. घशाचा, वाकण्याचा प्रश्नच नाही. आधी मूत्रपिंडाचं काम तपासायचं, ड जीवनसत्त्व भरून काढायचं, दातांचं काही काढायचं-उपटायचं असेल तर उरकून घ्यायचं, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. माझा कल इकडेच होता. वर्षातून एक दिवस द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

"तुमचे दोन मणके गेले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आधी भरायचं, मग राखायचं." माझ्यासारख्याच, मणके मोडलेल्या बायकांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. गोळ्यांच्या गटात, तिथे गोळी रिसेड्रोनेटची होती, दोन वर्षांत १२ टक्के बायकांचा नवा मणका मोडला. टेरिपॅराटाइडच्या गटात ५.४ टक्के. लेकीची शंका विचारली. त्यावर त्यांनी सांगितलं की उंदरांत तो कर्करोग दिसला होता हे खरं, म्हणून २००२ मध्ये औषध आलं तेव्हापासून त्यावर ठळक इशारा होता. पुढे इतक्या वर्षांत माणसांत तसं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये तो इशारा काढला. हाडांना किरणोपचार झालेल्यांना मात्र ते आजही देत नाहीत.

रोज एक टोचणी, जास्तीत जास्त चोवीस महिने. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं. टोचल्यावर कधी उठताना चक्कर येते. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं, "सकाळी शेगडीपुढे चक्कर नको. रात्री दहाला तुम्ही पलंगावर बसता, तेव्हा घ्या." आणि दोन वर्षं संपली की लगेच झोलेड्रोनिकचं सलाईन, नाहीतर कमावलेलं हाड पुन्हा जातं. विसर्जनानंतर आमचं केंद्र तीन दिवस बंद असतं. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या वर्षीचे ते तीन दिवस त्यासाठी राखून ठेवले. ताप आला तरी डबे अडणार नाहीत.

खर्चाचं बोलायला हवं. आठवड्याची गोळी स्वस्त आहे. हे इंजेक्शन देशी कंपन्यांचं घेतलं तरी महिन्याला घरगुती गॅसच्या एका सिलिंडरच्या काही पट पैसे जातात. सर्वांना ते झेपणार नाही, आणि सर्वांना त्याची गरजही नाही. ज्यांचा घसा चांगला आहे, जे सोमवार पाळू शकतात, ज्यांचे मणके शाबूत आहेत, त्यांना तीच स्वस्त गोळी पुष्कळ काम करते. वाईट औषध म्हणून मी ती सोडली नाही. माझ्या पहाटेत ती बसत नव्हती.

५.३०

परतीच्या गाडीत बर्फाच्या पिशवीतलं पेन मांडीवर. बसायला जागा एका मुलीने उठून दिली. आल्या आल्या संध्याकाळच्या पोळ्या. उपवासवाल्यांसाठी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी. साडेसहाच्या जलद गाडीपासून दारात रांग.

८.१५

नेहमीच्या एक बाई आल्या, बँकेत आहेत, पंचावन्न-छपन्नच्या. डावा हात गळ्यात. "काही नाही काकू, प्लॅटफॉर्मवर पाय घसरला, साधीच पडले. मनगट गेलं."

पोळ्या बांधायचं थांबवून मी बाहेर आले. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझं मनगट दाखवलं, मग पाठ. पाळी कधी गेली, आईची पाठ वाकली होती का, सगळं विचारलं. मागे चार माणसं खोळंबली होती. खोळंबू दिली.

१०.००

पलंगावर बसून पहिली टोचणी, पोटाच्या बाजूला. सुई इतकी बारीक की टोचली कधी ते कळलं नाही. तारीख वहीत लिहिली. दिवस पहिला, राहिले सातशे एकोणतीस. कॅलेंडरवरच्या पुढच्या सोमवारची गोळीची खूण खोडली.

पन्नाशीपुढच्या तुमच्या आईचं, बहिणीचं, शेजारणीचं हाड साध्या पडण्याने मोडलं असेल, पाठीतली उसण दोन-तीन आठवड्यांत गेली नसेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी भरत असेल, तर तिला घेऊन जा, पाठीचा एक्स-रे आणि डेक्सा करून घ्या. आणि औषध ठरायच्या आधी तिचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंतचा, खरा खरा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.